शंभरावरचे पाच

सहावीच्या वर्गावर काळ, काम आणि वेगाची गणितं चालली होती. दहा मजूर एक भिंत सहा दिवसांत बांधतात, तर पंधरा मजूर ती किती दिवसांत बांधतील? गणित फळ्यावर लिहून मी वळले, तर तिसऱ्या बाकावरची एक बारीकशी मुलगी हात वर करून उभी होती. वर्षाची सुरुवात होती, मला तिचा चेहराही अजून ओळखीचा झाला नव्हता.

"आलं उत्तर?" मी विचारलं.

"उत्तर चार येतं, बाई. पण चार दिवसांत भिंत होणार नाही."

"का बरं?"

"पंधरा जण एका भिंतीपाशी उभे राहिले तर एकमेकांना कोपरं लागतील. आणि विटा आणून देणारा कुणी एक मंद असला तर बाकीचे नुसते बसून राहतील. कमीत कमी पाच दिवस तरी धरा."

वर्ग खदखदून हसला. मलाही हसू आवरेना. "परीक्षेत मात्र चारच लिही हं," मी म्हटलं.

"लिहीन की. पण भिंतीच्या मालकाला पाच सांगेन."

त्या दिवसापासून वर्गात तिचं नाव 'कमीतकमी' पडलं. तिला त्याचं काही वाटत नसे. हाक मारली की ती सरळ ओ द्यायची.

पुढे कळलं, की आमच्या गल्लीच्या टोकाला जी लाँड्री आहे, ती तिच्या वडिलांची. मग तिचं गणित कुठून आलं, तेही कळलं.

तिचे वडील म्हणजे अतिशय गोड माणूस. कुणाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही. दुकानात चार इस्त्र्या, मागच्या खोलीत धुण्याची दोन यंत्रं, छताला तारांचे हँगर, आणि या सगळ्याच्या मधोमध वाफेत उभे असलेले ते. आपण कपडे टाकायला गेलो की त्यांचा हिशेब सुरू व्हायचा. "चार इस्त्र्या आहेत, बाई. एका इस्त्रीखालून तासाला पंधरा शर्ट निघतात. म्हणजे तासाला साठ झाले. दहा तासांचे सहाशे! तुमचा एक कोट म्हणजे काय हो त्यात? संध्याकाळी घेऊन जा."

संध्याकाळी कोट मिळायचा नाही. कुणालाच काही मिळायचं नाही. दुकानभर गिऱ्हाईक तावातावाने उभं असायचं, वडील मागच्या खोलीत गडप झालेले असायचे, आणि काउंटरवर खोक्यावर उभी राहून ही चिमुरडी सगळ्यांना तोंड देत असायची. 

"तुझ्या वडिलांना इतकं साधं गणित येत नाही का गं?" एकदा मी वैतागून विचारलं.

"गणित बरोबर असतं त्यांचं, बाई," ती म्हणाली. "फक्त त्या गणितात इस्त्री गार होत नाही, बटण तुटत नाही, डाग दुसऱ्यांदा धुवावा लागत नाही, आणि बाबा कुणाशी गप्पा मारत बसत नाहीत. सहाशे होऊ शकतात. होत नाहीत, एवढंच."

पुढे काउंटरचा ताबा तिने हळूहळू स्वतःकडेच घेतला. वडिलांनी "संध्याकाळी" म्हटलं की ती मागून "उद्या" म्हणायची. वडिलांनी "उद्या" म्हटलं की ती "परवा". गिऱ्हाईकं हिचंच ऐकायला लागली, आणि कपडे एक दिवस आधीच तयार झालेले पाहून खूश व्हायला लागली. वडील लटकं रागावायचे. "धंद्याचं नाव खराब करतेस तू. लोकांना वाटेल, आमच्या इस्त्रीला जोर नाही."

"जोर आहे बाबा. पण तुम्ही तो आधीच वाटून टाकता."

वडिलांकडून तिने एक गोष्ट मात्र मन लावून उचलली. इस्त्री किती तापली आहे हे ते तळहाताने ओळखायचे. हात लावायचा नाही, नुसता चार बोटं दूर धरायचा. ही रेशमाची, ही सुताची, ही अजून झोपलेली. शाळेतून आली की ती चारही इस्त्र्यांवरून हात फिरवायची आणि मग दप्तर ठेवायची.

मग ती शाळेतून गेली, शिकत गेली, आणि मी निवृत्त झाले. निवृत्त शिक्षकाला जुन्या विद्यार्थ्यांच्या बातम्या तुकड्यातुकड्यांनीच मिळतात. हिच्या मला लाँड्रीत मिळायच्या. विद्यापीठाच्या संगणक केंद्रात ती कामाला लागली होती. सुट्टीच्या दिवशी अजूनही काउंटरवर दिसायची, आता खोक्याशिवाय.

"काय काम असतं गं तुझं तिथे?" मी विचारलं.

"बाबांचंच, बाई." तिने वडिलांकडे मान उडवली. "खूप संगणक उंच उंच कपाटांत बसवतात, तारांनी एकमेकांना जोडतात, आणि सगळे मिळून एकच मोठं गणित सोडवतात. वादळ कुठे वळेल, औषधाचा कण रक्तात कसा वागेल, असली गणितं. असा समूह विकत घेण्याआधी मी त्याचा कमाल वेग काढून देते. यंत्र यायच्या आधी, कागदावर."

"यंत्र नसताना वेग कसा काढतेस?"

तिने काउंटरवरची इस्त्री पुढे ओढली. "दुकानं किती? तितके संगणक. एका दुकानात माणसं किती? तितके प्रोसेसर. एका माणसाला हात किती? प्रोसेसरच्या आत कोअर असतात, ते हातच समजा. एक हात मिनिटाला किती वेळा फिरतो? तो घड्याळाचा ठोका, पण सेकंदाला अब्जावधी. आणि एका फेऱ्यात किती कपडा निघतो? म्हणजे एका ठोक्याला किती आकडेमोड होते. या सगळ्यांचा गुणाकार करायचा, झालं."

"आणि यात कुणी पाणी प्यायला जात नाही?"

"कुणीही नाही! कुणी कुणाची वाट पाहत नाही, कुणाला कोपर लागत नाही, इस्त्री गार होत नाही. प्रत्यक्षात तितका वेग कधीच मिळत नाही. पण याच्या वर जाणं अशक्य, हे सांगणारा आकडा तो. छत म्हणा ना. किती वीज लागेल, खोली किती गार ठेवावी लागेल, नवं यंत्र नीट चालतंय की अळंटळं करतंय, हे सगळं त्या छतावरून ठरतं."

"म्हणजे मी करत होतो तेच की हे!" वडील मागच्या खोलीतून ओरडले. "आणि हिला त्याचा पगार देतात!"

पगार देत होते, पण दर वर्षी नव्याने. नोकरी तात्पुरती होती. वर्ष संपत आलं की तिच्या वडिलांची झोप उडायची, आणि ते गिऱ्हाइकाला जास्तच घाईच्या वेळा सांगू लागायचे. अखेर केंद्रात मोठा समूह येणार असं ठरलं, आणि तो सांभाळायला कायमचा माणूस हवा म्हणून जागा निघाली. केंद्राचे संचालक मोठ्या मनाचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी तिला सांगून टाकलं, "चाचणी नीट पार पडू द्या. त्याच दुपारी समिती बसवतो आणि तुमचं काम करून टाकतो. तुमचा आकडा, तुमचं यंत्र, तुमची खुर्ची."

चाचणीची अट सरळ होती. तिने काढलेला कमाल वेग शंभर धरायचा. यंत्राने सत्तर गाठले की ते ताब्यात घ्यायचं. तो कमाल वेग यंत्राच्या खोलीच्या दारावरच्या पितळी फलकावर कोरूनही झाला होता. कोरण्याआधी संचालकांनी तिला विचारलं होतं म्हणे, "हा जरा वाढवता नाही का येणार?" त्यावर ती म्हणाली होती, "साहेब, गुणाकार आहे तो. भाजीवाला नाही."

चाचणीच्या दिवशी पाहुणे बोलावायची मुभा होती. तिने दोघांना बोलावलं, वडिलांना आणि मला. वडिलांनी अंगात कोट चढवला होता. त्याच्या बाहीची घडी इतकी धारदार होती, की शेजारी बसताना मी जरा जपूनच बसले.

यंत्राच्या खोलीत आम्हाला आधी एक फेरी मारून आणलं. काळी कपाटं दोन रांगांत उभी. त्यांना ते रॅक म्हणतात. पुढच्या बाजूने थंडगार वारा आत ओढला जातो आणि मागच्या बाजूने गरम होऊन बाहेर पडतो. आवाज इतका, की कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं. वडिलांनी मागच्या गरम वाऱ्यात उभं राहून छाती भरून श्वास घेतला आणि माझ्या कानात ओरडले, "घरी आल्यासारखं वाटतंय!"

मग शेजारच्या काचेच्या खोलीत बसलो. समितीची मंडळी होती, संचालक होते, यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा एक उमदा, हसरा इंजिनीअर होता. चाचणी सकाळपासून चालू होती. एक राक्षसी समीकरणसंच यंत्राला सोडवायला दिला होता, आणि तो संपला की वेगाचा आकडा पडद्यावर येणार होता. कमीतकमी एका कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. तिला बोटं मोडायची सवय आहे, ती मोडत होती.

जेवायच्या सुमाराला आकडा आला. इंजिनीअरने तो मोठ्याने वाचला. शंभरावर पाच. एकशे पाच टक्के.

लगेच टाळ्या सुरू झाल्या. संचालकांचा आवाज तर काचेबाहेर गेला असेल. "कमाल वेगाच्याही पुढे! अहो, हे आजवर कुणी केलंय का?" इंजिनीअर सगळ्यांशी हात मिळवत फिरला. वडिलांच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते लेकीपाशी गेले आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

ती तशीच बसून होती. बोटं मोडणंही थांबलं होतं.

"बाबा, असं होत नाही," ती म्हणाली.

"झालंय की! सगळ्यांनी पाहिलं."

"छताच्या वर डोकं जात नाही, बाबा. गेलं, तर छतच खाली बांधलेलं असतं."

"मग बांधलं असशील तू खाली," वडील आनंदाच्या भरात बोलून गेले. "दुकानात उद्याचं परवा सांगतेस, तसं इथेही जपून सांगितलं असशील. तुझी खोडच आहे ती!"

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने समोरचा कागद ओढला, एका आकड्यावर बोट ठेवलं, आणि कपाळाला हात लावला.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"बाई, प्रोसेसरला दोन वेग असतात. एक हमीचा, कितीही उकाडा असला तरी टिकणारा. आणि एक त्याहून वरचा, खोली गार असली की तो आपसूक चढतो तिथपर्यंत. छत काढायचं तर वरचा घ्यायला हवा. मी हमीचा घेतला." ती स्वतःशीच हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "कमाल वेग काढायला बसले, आणि तिथेही कमीत कमी."

एव्हाना समितीची मंडळी जेवणाकडे निघाली होती. जेवण झालं की तिच्या जागेचा विषय. ही चूक त्या खोलीत दुसऱ्या कुणाच्या लक्षात आली नव्हती, आणि एकशे पाच टक्क्यांवर सगळे इतके खूश होते, की ती येण्याची शक्यताही नव्हती. वडिलांना ते माझ्या आधी उमगलं असावं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"जेवण होऊ दे ना आधी. मग सांग. उद्या सांग."

"परवा सांगू?" ती म्हणाली.

ती उठून संचालकांकडे गेली.

संचालकांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, फलक कोरून झालाय!"

"आकडा माझाच आहे, साहेब. चूकही माझीच आहे."

"बरोबर आकडा घेतला तर किती टक्के होतात?"

"पंचाहत्तर."

"म्हणजे सत्तरच्या वरच! पास आहे की मग! तुम्ही तर घाबरवलंत मला."

"पास आहे," ती म्हणाली, "पण इतक्या गार खोलीत, इतक्या जवळच्या तारांवर, हे यंत्र नव्वदीच्या आसपास जायला हवं. एकशे पाचच्या आनंदात ते दिसलं नसतं. आत कुणीतरी बसून राहिलंय, साहेब."

इंजिनीअर हसतच म्हणाला, "मॅडम, सगळे दिवे हिरवे आहेत."

"दुकानाचे दिवेही चालूच असतात," ती म्हणाली, आणि सरळ यंत्राच्या खोलीत गेली. मागोमाग इंजिनीअर, त्याच्या मागे संचालक, आणि आम्हाला कुणी नको म्हणालं नाही म्हणून आम्ही दोघंही. चाचणीची दुसरी फेरी तोवर सुरू झालेली होती. ती कपाटांच्या मागच्या बाजूला शिरली आणि तळहात पुढे धरून चालायला लागली. चार बोटं दूर. एक कपाट, दुसरं, तिसरं. दुसऱ्या रांगेच्या मध्यावर ती थांबली, मागे गेली, परत पुढे आली.

"बाबा, इकडे या!" ती ओरडली. "हात धरून बघा."

वडिलांनी हात धरला. "ही झोपलेली आहे," ते म्हणाले.

इंजिनीअरनेही धरला, आणि शेजारच्या कपाटामागेही धरून पाहिला. मग तो बाहेर जाऊन संगणकासमोर बसला. थोड्या वेळाने त्याने खुर्ची मागे ढकलली आणि दोन्ही हात जोडले. त्या एका कपाटातले सगळे संगणक वीज वाचवायच्या सेटिंगवर राहून गेले होते. जोडणी करताना कुणीतरी बदलायचं विसरलं होतं. बंद काहीच नव्हतं, बिघडलंही काही नव्हतं. एक कपाट सावकाश चालत होतं, आणि बाकीची सगळी, आपापला तुकडा संपवून, त्याची वाट पाहत थांबत होती.

"विटा आणणारा," मी म्हणाले.

तिने वळून पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसली. "बाई, तुम्हाला आठवतं?"

सेटिंग बदलून चाचणी पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी खऱ्या छताच्या अठ्ठ्याऐंशी टक्के वेग आला. टाळ्या वाजल्या नाहीत, कारण तो आकडा पाहायला ती आणि इंजिनीअर दोघंच होते. दोघांनी मिळून चहा घेतला म्हणे.

समिती मात्र आदल्या दुपारीच बसायची ती बसली होती. जिने स्वतःचा आकडा चुकल्याचं आत्ताच सांगितलं, तिला त्याच दिवशी कायम कसं करायचं, असं एका सदस्याचं म्हणणं पडलं आणि विषय पुढच्या वर्षावर गेला. त्या संध्याकाळी आम्ही तिघं बसने परतताना वडील खिडकीतून बाहेर बघत बसले होते. कोटाच्या बाहीची घडी पार मोडली होती.

"मी म्हटलं होतं ना, जेवणानंतर सांग," अखेर ते म्हणाले.

"जेवण गोड लागलं नसतं, बाबा."

"ते तर तसंही गोड लागलं नाही." थोड्या वेळाने त्यांनाच राहवेना. "पण मला एक सांग. तुमच्या शास्त्रात कमाल आकडा काढताना हात आखडता घ्यायचा नसतो, असंच ना? म्हणजे तासाला साठ शर्ट हे माझं बरोबरच होतं?"

"अगदी बरोबर होतं, बाबा. तुम्ही काढता ते छत आहे."

"बघा, बाई!" ते माझ्याकडे वळले. "ऐकलंत ना? तुम्ही साक्षीला आहात."

"फक्त ते गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं," ती म्हणाली.

पुढचं वर्ष लाँड्रीत सगळ्यांना जरा जपूनच काढावं लागलं. वडिलांनी कुणालाही "संध्याकाळी" सांगावं आणि तिने ते दुरुस्त करू नये, असंही कधी कधी झालं. मग एका सकाळी मी कपडे टाकायला गेले, तर काउंटरवर पेढ्यांऐवजी इस्त्री केलेल्या पांढऱ्याशुभ्र रुमालांचा ढीग. येईल त्याला वडील एकेक देत होते. ती कायम झाली होती. त्याच संचालकांनी समितीपुढे ठासून सांगितलं होतं, की या बाईंचा आकडा चुकला तर तो त्याच दिवशी कळतो, बाकीच्यांचा चुकला तर आपल्याला तो शोधत बसावा लागतो. त्यांचा आवाज पाहता समितीपुढे फारसा पर्याय नसावा.

दारावरचा फलक बदलला. आता त्यावर दोन आकडे कोरलेले आहेत, वर छत आणि खाली प्रत्यक्ष मिळालेला वेग. दोन्ही तिनेच दिले. पहिला आकडा देताना तिने हात आखडता घेतला नाही, असं ती मला आवर्जून सांगते.

ती आता त्या यंत्राच्या खोलीची प्रमुख आहे. सकाळी कामावर गेली की पिशवी खुर्चीवर ठेवण्याआधी ती कपाटांच्या मागून तळहात फिरवत एक चक्कर मारते.